राव गारू, टेप आली नाही!

निवृत्त माणसांकडे किस्से किती साठतात, ते बघायचं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हैदराबादेत, विद्यानगरला राव गारूंच्या घरी या. 'गारू' म्हणजे तेलुगूतलं 'जी'. राव गारू आमच्या टीव्ही केंद्राचे तेलुगू निवेदक. शमीम आपा उर्दूच्या निवेदिका. आणि मी जाधव, फ्लोअर मॅनेजर. म्हणजे कॅमेऱ्याशेजारी उभं राहून बोटांनी पाच, चार, तीन, दोन, एक करणारा माणूस. तीस वर्षांच्या नोकरीत माझा आवाज एकदाही ऑन एअर गेला नाही!

'आता बघा अमुक, त्यानंतर तमुक' हे सगळं ही मंडळी थेट बोलायची. ते रेकॉर्ड करून ठेवावं असं कुणालाच वाटलं नाही. त्यामुळे आता उरलेत ते किस्से. सांगताना त्यांना थोडी फोडणी बसते, तेवढी चालवून घ्या.

*

शमीम आपांचं उर्दू ऐकून भले भले खुर्चीत सावरून बसायचे. पण स्टुडिओतला 'ऑन एअर'चा लाल दिवा विझला, की आपा अस्सल हैदराबादी!

एकदा दिवा विझला, पण माइक चालूच राहिला. 'इजाज़त दीजिए, ख़ुदा हाफ़िज़' झालं आणि पाठोपाठ अख्ख्या शहरानं ऐकलं, "अरे यूसुफ, मेरी चाय कां है रे? कब से बोल रईं मैं!"

यूसुफ आमच्या कँटीनचा म्हातारा. दुसऱ्या दिवशी तो कामावर यायला बसमध्ये चढला. कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी विचारलं, "चचा, आपा कू चाय दिये क्या नै?"

*

कॅमेरा निवेदकाला छातीपर्यंतच दाखवायचा. स्टुडिओतले दिवे म्हणजे भट्टी. म्हणून राव गारूंचा वेश ठरलेला: वर कोट-टाय, खाली लुंगी!

एकदा दिल्लीचे बडे साहेब थेट स्टुडिओत आले. आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. राव गारू बसूनच होते. बसल्या बसल्या हात मिळवला, गोड हसले. साहेबांचा पारा चढला. आठवड्याभरात मेमो आला: आपण उठून उभे का राहिला नाहीत?

राव गारूंनी एका ओळीत उत्तर दिलं, 'लुंगी सुटली होती; उभा राहिलो असतो तर साहेबांचा जास्त अपमान झाला असता.'

*

लक्ष्मी वहिनी, म्हणजे सौ. राव, रोज घरी टीव्हीसमोर बसून नवऱ्याची तपासणी करायच्या. कंट्रोल रूमचा फोन वाजायचा आणि निरोप माझ्या हेडफोनमध्ये यायचा, "जाधव साब, उनके कॉलर का बटन खुला है!" मग मी कॅमेऱ्यामागून माझ्या गळ्याला हात लावायचा, की राव गारू एकही शब्द न अडखळता बटन लावायचे. ही खूण त्यांच्या अंगात इतकी भिनली, की पुढे खूण न करताही खुर्चीकडे जाताना हात आपोआप कॉलरकडे जायचा.

एके दिवशी मला गळ्याला डास चावला. मी खाजवलं. राव गारूंनी बटन चाचपलं. लावलेलंच होतं. मी परत खाजवलं. त्यांनी परत चाचपलं, जरा जोरात ओढलं. बटन तुटून हातात!

दोन मिनिटांत फोन. "जाधव साब, अब तो बटनच नै है!"

*

पण राव गारूंची खरी करामत वेगळीच. कार्यक्रमाची टेप वेळेवर पोचली नाही, की मी कॉरिडॉरमध्ये धावत ओरडायचो, "राव गारू, टेप राले!" टेप आलेली नाही. हातातला चहा तसाच ठेवून ते उठायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "एन्नि निमिषालु?" किती मिनिटं? तेवढी मिनिटं ते बोलून भरायचे. वैताग नाही, घाबरणं नाही.

एकदा नाटकाची टेप नऊ मिनिटं आली नाही. राव गारूंनी आंब्याचं लोणचं घालायला घेतलं. फोडी झाल्या, मोहरी झाली, मीठ झालं. आता तेल किती हे सांगणार, तोच टेप आली!

नाटक संपेपर्यंत कंट्रोल रूमचा फोन थांबला नाही. सगळ्यांना तेलाचं प्रमाण हवं होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या आधी ते सांगावं लागलं. नाटक कोणतं होतं, ते मात्र आज आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही.

*

गेल्या वर्षापासून राव गारूच विसरायला लागलेत. आधी आमची नावं गेली, मग स्वतःचं. हाक मारली तर मागे वळून बघतात, कुणाला बोलावताहेत म्हणून. मला फार वाईट वाटतं. वहिनी हसून म्हणतात, "माझ्या हातचं लोणचं अजून ओळखतात, बस्स झालं."

या हिवाळ्यात वहिनींनीच हट्ट धरला, यांना नामपल्लीच्या प्रदर्शनाला न्यायचं. पूर्वी दरवर्षी जायचे. आम्ही चौघं गेलो. राव गारूंचा हात माझ्या हातात होता. मिरची भजी घ्यायला मी तो सोडला. वळून बघतो, तर राव गारू नाहीत!

तुडुंब गर्दी. चारी बाजूंना फाटकं, फाटकाबाहेर रस्ता. जिथून घोषणा करतात, त्या खोलीत आम्ही धावलो. तिथल्या पोरानं दहा वेळा पुकारलं, "अनंत राव, जहाँ भी हों..." अर्धा तास गेला, कुणी आलं नाही. मला वहिनींकडे बघवेना. हात मीच सोडला होता.

आपा एकदम म्हणाल्या, "नाम नक्को पुकारो. नाम उनकू याद नै. जाधव साब, तुम बोलो. कॉरिडॉर में बोलते थे, वैसाच बोलो."

पोरानं माइक माझ्यापुढे सरकवला. मी डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडलो, "राव गारू, टेप राले!"

अख्खं मैदान वर बघायला लागलं. मी परत ओरडलो. परत एकदा.

मग आकाशपाळण्यांच्या बाजूनं, गर्दीतून वाट काढत, एक माणूस ताठ चालत खोलीत आला. उजव्या हातानं कॉलरचं बटन लावत. वहिनींच्या समोरून गेला, आपांच्या समोरून गेला आणि माइकसमोरच्या खुर्चीवर बसला. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला,

"एन्नि निमिषालु?"