कप्तानसाहेबाची नात

बोरदऱ्याच्या कडूबाईच्या अंगात इंग्रज यायचा. देवी येते, खंडोबा येतो, मेलेली जाऊसुद्धा उरलंसुरलं बोलून घ्यायला येते. पण टोपीवाला साहेब अंगात येणारी बाई नगरपासून जामखेडपर्यंत दुसरी नव्हती.

हा साहेब म्हणजे कॅप्टन प्रॉथरो. पेशवाई बुडाली त्या काळात कंपनीच्या फौजेतून या भागात आला, तापानं मेला आणि गावाच्या ओढ्याकाठी पुरला गेला. याहून अधिक गावाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. शेळ्या त्याच्या थडग्यावर ऊन खात बसत.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. कडूबाई तेव्हा नवी सून. दिवसभर खडी फोडून ती घरी आली, आणि भाकरी करपली एवढ्यावरून सासूनं तिच्या माहेरच्या सात पिढ्या उकरून काढल्या. सासू केशरबाई गावातलीच लेक, घाऱ्या डोळ्यांची, आणि जीभ अशी की तिला बघून कुत्री रस्ता बदलत. तिनं फुंकणी उगारली तशी कडूबाई ताठ उभी राहिली आणि गरजली, "अबाउट टर्न. गेट आऊट." कडूबाईचे वडील भिंगारच्या कॅम्पात माळी; कवायतीचे हुकूम ऐकतच ती मोठी झालेली. पण केशरबाई खरोखरच गर्रकन वळली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. शेजारच्या बायडाबाईनं लगेच निदान केलं: पोरगी दुपारी कप्तानाच्या थडग्याला टेकली होती, साहेबानं धरलं.

अंगात येणं खरं की ढोंग, यावर ज्यांना वाद घालायचाय त्यांनी आधी चार वर्षं केशरबाईच्या हाताखाली काढावीत. खुद्द कडूबाईलाही ते सांगता आलं नसतं. तेव्हापासून दर गुरुवारी थडग्यापाशी बैठक भरू लागली. काही गुरुवारी साहेब आपणहून यायचा, काही गुरुवारी त्याला ओढून आणावं लागायचं. आला की तो घुमायचा नाही, केस मोकळे सोडायचा नाही. खुर्ची मागायचा, चहा आणि दोन बिस्किटं मागायचा, आणि गाऱ्हाणं ऐकून "यस" किंवा "नो" म्हणायचा. बाकीचे देव लांबण लावतात. साहेबाकडे निकाल झटपट. लोकांना ते फार आवडलं. कडूबाईचा नवरा नरमला, बायाबापड्या तिच्या पाया पडू लागल्या. एकटी केशरबाई इतकी वर्षं ओसरीवरून म्हणत राहिली, "साहेब न्हाई न् काय न्हाई. सगळी सोंगं."

शहाण्णव साली अधिक आषाढात नगरचे शामकांत सर गावात आले. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे ऐकणारं माणूस दिसलं की सोडत नसत. त्यांनी सरपंच श्रीमंतला सांगितलं की विलायतेहून हॅरिएट नावाची बाई येतेय, कप्तानाच्या लेकीच्या वंशातली. तिनं पूर्वजाचं सारं आयुष्य धुंडाळलंय. सोळाव्या वर्षी फौजेत भरती, लढाया, तिकडे बायको, दोन मुली. फक्त शेवटची काही वर्षं कोरी. घरी एक पत्र नाही. त्या काळात इथं त्याचं कुणी होतं का, एवढंच तिला हवंय.

"एवढंच ना?" श्रीमंत म्हणाला. "मग त्येलाच इचारू की. येतोय त्यो गुरुवारी."

सर हसले. श्रीमंत हसला नाही.

बातमी कडूबाईला कळली आणि तिनं मनाशी हिशेब केला. साहेबाला स्वतःच्या रक्ताची बाई ओळखता आली नाही, तर शुक्रवारपासून कडूबाई पुन्हा नुसती सून. तिनं रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकायला घेतल्या. "दिस इज ऑल इंडिया रेडिओ" एवढं पाठ झालं, पण ते साहेबाच्या तोंडी शोभणार नाही हे तिलाही कळत होतं. शेवटी तिनं जाहीर केलं, "अधिक म्हैन्यात साहेब येत न्हाई."

"ख्रिस्ताव मानूस त्यो," केशरबाई म्हणाली. "त्येला कुटला आलाय अधिक म्हैना? बस की खुर्चीवर. बगू दे गावाला."

गुरुवारी ओढ्याकाठी सगळं गाव लोटलं. हॅरिएटबाई साठीची, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली. आल्या आल्या ती थडग्यावरचं गवत उपटू लागली. बायका म्हणाल्या, "लेकीच्या वंशाची ना. माया लेकीकडंच असती."

कडूबाई खुर्चीवर बसली. चहा आला, बिस्किटं आली, साहेब येईना. हॅरिएटबाई समोर मांडी घालून बसली आणि इंग्रजीत काहीतरी बोलली.

"यस," कडूबाई म्हणाली.

बाईनं आणखी काही विचारलं.

"नो."

बाई गोंधळून सरांकडे बघू लागली. सर हळूच पुटपुटले, "कडूबाई, नाव विचारलंय त्यांनी तुमचं."

गर्दीत खसखस पिकली. कोपऱ्यातून केशरबाईचा आवाज आला, "काय वं साहेब, दातखीळ बसली व्हय?"

इथं कडूबाईचं डोकं सटकलं किंवा साहेब आला, काय वाटेल ते म्हणा. "इंग्लिश?" ती कडाडली. "पावनेदोनशे वरसं हितं मातीत पडलोय. इंग्लिश कुनासंगं बोलू, शेळ्यांसंगं? इसारलो समदं. आन् तू गं, आत्ता आलीस व्हय? तुजी आई कुटं हुती? तिची आई कुटं हुती? तांब्याभर पानी घालाया एक जन फिरकलं न्हाई."

सरांनी चाचरत भाषांतर केलं. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिची आई वेल्सची; लंडनला जन्म काढून तीही आपली बोली अशीच विसरली होती. बाईची खातरी पटली. तिनं विचारलं, "तुम्ही पत्र का नाही लिहिलंत? इथं तुमचं कुणी होतं का?"

कडूबाईनं इथंच थांबायला हवं होतं. पण गाव श्वास रोखून बसलेलं, आणि गावाच्या पलीकडे कोपऱ्यात दोन घारे डोळे तिच्यावर रोखलेले. म्हातारीची जन्माची जिरवावी, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"हुती की," साहेब म्हणाला. "त्याबिगर मी हितं ऱ्हायलो व्हय? हितलीच केली हुती. तिच्या वंशातली ती बग, कोपऱ्यात बसलीया. डोळं बग तिचं."

सरांचं भाषांतर अर्ध्यावर असतानाच गावानं बोटं दाखवली. हॅरिएटबाई उठली, लोकांच्या मांड्या तुडवत गेली आणि केशरबाईच्या गळ्यात पडली. दोन्ही गालांचे मुके घेतले. केशरबाईला पाळण्यातून काढल्यानंतर कुणी असं जवळ घेतलं नसावं. ती आधी खांबासारखी ताठ राहिली. मग नाक पुसून गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माजी आज्जी म्हनायचीच, आपलं घरानं वरचं हाय म्हनून."

परतीच्या वाटेवर सर जीपमध्ये "पुरावा नाही, पुरावा नाही" असं सांगत राहिले. बाईनं केशरबाईचं नाव वंशावळीत घातलंच, फक्त पेन्सिलीनं.

कडूबाई खूश होती. साहेब तरला होता, आणि सासूला आता त्याला सोंग म्हणायची सोय उरली नव्हती. पुढच्या गुरुवारी ती ऐटीत ओढ्यावर गेली, तर केशरबाई आधीच तिथं.

"व्हय गं," केशरबाई म्हणाली, "साहेब माज्या माहेरचं थोर मानूस. आन् त्येंनी सुनंच्या अंगात यावं? काय मर्यादा हाय का न्हाई?"

गाव विचारात पडलं. आजवर हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बायडाबाई म्हणाली, "खरं तर सुनंनं त्येंच्या म्होरं पदर घ्याया पायजे." श्रीमंतनं मान डोलावली. नातं कडूबाईनंच जोडलं होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बायकांत जाऊन बसली.

केशरबाईच्या अंगात साहेब चहा निवायच्या आत आला. फाडफाड मराठी बोलला. इंग्रजी तो विसरलेलाच होता.

लोक एकेक करून गाऱ्हाणी सांगू लागले. कडूबाईचा नंबर आला. तिनं पदर पुढं ओढला आणि हात जोडले. "साहेब, घरात सासू लई बोलती. जीव नको केलाय. काय करू?"

साहेबानं डोळे मिटले.

"म्हातारीला रोज एक अंडं देत जा," साहेब म्हणाला. "उकडून."

साहेबाचा शब्द इतकी वर्षं कडूबाईनंच गावाकडून पाळून घेतलेला. तो आता मोडायचा कसा? तिनं घरी जाऊन चूल पेटवली.

पुढच्या गुरुवारी साहेबानं दोन सांगितली.