पाहुण्यांच्या गोलमध्ये आर्वो

आर्वो निएमीला राग लवकर यायचा, आणि रेड पाइन गावात राग यावा असं पुष्कळ होतं. निकेलच्या खाणीत धूळ, वर हाडं गोठवणारी थंडी आणि या दोन्हींच्या वर हारग्रेव्हसाहेब. हे गावच्या व्यावसायिक आइस हॉकी संघाचे व्यवस्थापक. दर हंगामाच्या तोंडावर ते आर्वोच्या पाठीवर थाप मारायचे, "यंदा नाही जमलं रे, पुढच्या हंगामाला तुझा नंबर नक्की." मग मॉन्ट्रियलहून कुणीतरी गोलरक्षक यायचा आणि आर्वो जाऊन प्रेक्षकांत बसायचा.

नुसता बसायचा नाही, स्केट्स पायाशी ठेवून बसायचा. उत्तरेच्या लीगमधले संघ त्या काळी एकच गोलरक्षक घेऊन फिरत. म्हणून यजमान गावानं आणखी एक गोलरक्षक प्रेक्षकांत तयार ठेवायचा, आणि दोन्ही संघांपैकी ज्याचा माणूस जखमी होईल त्याच्याकडून त्यानं उतरायचं, असा नियम होता. नियम सगळ्या गावाला पाठ होता. फक्त तो आपल्यावर कधी उलटेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पन्नाशीच्या दशकातल्या एका वसंतात तो उलटला. रेड पाइननं आजवर चषक जिंकलेला नव्हता. दोनदा अंतिम फेरीत हरून झालं होतं. या वेळी ब्लॅक फॉल्सच्या संघाशी सहा सामन्यांत तीन-तीन अशी बरोबरी, सातवा, निकालाचा सामना घरच्या बर्फावर, गोल एक-एक. तीनपैकी दुसरा डाव संपता संपता पक, म्हणजे खेळाची ती टणक रबरी चकती, ब्लॅक फॉल्सच्या गोलरक्षकाच्या गालावर बसला. तेव्हा मुखवटे नव्हते. माणूस बर्फावर आडवा झाला, आणि सगळ्या स्टेडियमनं वळून आर्वोकडे पाहिलं.

पाहुण्यांची रक्त लागलेली जर्सी तो अंगात चढवत होता, तेवढ्यात हारग्रेव्ह कपडे बदलायच्या खोलीत आले.

"काय करायचं ते कळतंय ना, आर्वो?"

"गोल अडवायचे, साहेब."

"अरे लेका, इतका सरळ कशाला होतोस? एखादा सुटला तर कोण काय म्हणणार आहे? बसून बसून थंड पडलेला माणूस तू. आणि हे बघ, पुढच्या हंगामाला एक नंबरची, गोलरक्षकाची जर्सी तुझी. शब्द देतो."

आर्वोची कानशिलं तापली. इतकी वर्षं जीव टाकला होता त्यानं त्या जर्सीसाठी. बायको लेम्पी म्हणायची, नाद सोड त्या माणसाचा, तर तो तिच्यावरच खेकसायचा. जी जर्सी चांगलं खेळून मिळत नव्हती, ती आता वाईट खेळून मिळणार होती! म्हणजे ती कपाटात होतीच की. एवढे दिवस नुसतं झुलवलं. ती त्याला कधीच मिळाली नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. उगाच आशा लावून ठेवण्याचं काम हारग्रेव्हचं, माझं नाही.

तो बर्फावर उतरला.

"आर्वो, दार उघडं ठेव रे!" लोक हसत ओरडले. त्यांना वाटलं, आपलाच माणूस आहे. बेशरम लेकाचे. लेम्पी तेवढी उभी राहून किंचाळली, "गप बसा! खेळू द्या त्याला!"

आणि तो खेळला. पोटावर, खांद्यावर, एकदा तर हनुवटीवर पक झेलला. मग रेड पाइनचा कप्तान ओव्हिला थेरियो एकटाच झटापटीतून निसटून समोर आला. हॉकीच्या पगारात भागत नसे, म्हणून ओव्हिलाही खाणीत, आर्वोच्याच पाळीला. ओव्हिला जवळ आला आणि चक्क हसला. आता दे की, असं. त्या हसण्यानं आर्वोचा उरलासुरला संयम गेला. त्यानं सगळं अंग आडवं टाकून तो पक अडवला. पुढच्याच मिनिटाला पलीकडे ब्लॅक फॉल्सनं गोल केला, आणि तोच शेवटचा ठरला.

शिव्यांचा नुसता पाऊस पडला. कुणी बूट फेकला, कुणी बाटली.

मालिका संपली की दोन्ही संघांनी रांगेनं हात मिळवायचे, ही रीत. नाक फुटलेलं असो, दात पडलेले असोत, हात मिळवायचाच. आर्वो पाहुण्यांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. रेड पाइनचे खेळाडू एकेक करून त्याच्यासमोर आले आणि हात खालीच ठेवून पुढे सरकले. पहिला, दुसरा, मग सगळेच. ओव्हिला शेवटी आला.

"घर कुठंय रे तुझं, आर्वो?"

आर्वोनं त्याचं मनगट धरलं.

"इथंच. सोमवारी तुझ्याबरोबरच खाणीत उतरणार आहे. तू छताखाली उभा असतोस ना, तेव्हा आधाराचा खांब कोण ठोकतं?"

ओव्हिलानं मनगट सोडवायला हिसका दिला.

"बोल की! कोण ठोकतं?"

"तू."

"मग साहेब म्हणाला तर सोमवारी थोडा सैल ठोकू?"

वरून लोक ओरडतच होते. ओव्हिलाची मान खाली गेली. मग त्यानं दुसऱ्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि हात पुढे केला. आर्वोनं तो असा दाबला की ओव्हिला कळवळला. तसाच धरून ठेवून तो पुढे गेलेल्या खेळाडूंवर खेकसला,

"कुठं निघालात? मागे फिरा. पहिल्यापासून."

आणि ते फिरले.