फुटलेली पाकिटं

नानांच्या दुकानात काही म्हणजे काही वाया जात नसे, आणि तिथेच त्यांचा घात झाला. खोका उघडताना वेफर्सचं एखादं पाकीट फुटायचंच. फुटलेलं पाकीट गिऱ्हाईक घेत नाही, कंपनी परत घेत नाही, फेकायला हात धजत नाही. मग दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या नाना ते फस्त करत. जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच घरी जाई. बायको कडाकडा बोले, नाना हसण्यावारी नेत. खाऱ्या खाण्याने रक्तदाब चढून किडन्या निम्म्याहून जास्त निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा मात्र हसू आटलं.

डॉक्टरीणबाईंनी मीठ तोडलं, पाकिटं बंद केली. अळणी भाजीचा घास पहिल्यांदा तोंडात नुसता फिरत राहिला. बायकोने लसूण ठेचला, मिरपूड घातली, आणि हळूहळू जीभ वळणावर आली. डबा रिकामा घरी जाऊ लागला.

तेवढ्यात कंपनीचा विक्रेता नवा माल घेऊन टपकला. पाकिटावर हिरवं पान, लाल हृदय आणि ठळक अक्षरांत ‘निम्मं मीठ’.

“नाना, हे तर तुमच्यासाठीच काढलंय!”

काय ती साखरपेरणी! भोळ्या नानांनी स्वतः खाल्लं ते खाल्लंच, वर समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींनाही आग्रहाने दिलं. त्यांनाही हाच आजार होता.

“बिनधास्त खा मावशी, आपल्यासारख्यांसाठीच आहे.”

पुढच्या तपासणीत नानांच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच चढलेलं निघालं. नवीन काय खाता ते विचारून डॉक्टरीणबाईंनी पाकीट मागवलं, उलटं केलं आणि चिकटवलेल्या कडेजवळच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

“नेहमीचं मीठ कमी करून पोटॅशियमचं मीठ घातलंय. धडधाकट माणसाला चालून जाईल. तुमच्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही. फार वाढलं तर हृदय बंद पडतं, नाना.”

म्हणजे पुढे हृदयाचं चित्र आणि मागे हृदयाला धोका, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत! लाज कशी वाटत नाही या लोकांना? हिरवं पान छापायला जागा मिळते, एक सरळ वाक्य छापायला मिळत नाही?

नाना औषध घेऊन तडक मावशींकडे गेले. मावशी उभ्याने इस्त्री करत होत्या, शेजारी पाकीट उघडं पडलं होतं. नानांनी ते हिसकावून घेतलं.

“अहो, हे काय? तुम्हीच तर दिलंत!”

“मीच दिलं. इस्त्री बंद करा आणि आधी दवाखान्यात चला.”

“गिऱ्हाईक येईल आता.”

“खड्ड्यात गेलं गिऱ्हाईक!” जन्मभर दुकान चालवलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच निघाले.

मावशींचं पोटॅशियम नानांपेक्षाही वर गेलं होतं. त्यांना ठेवूनच घ्यावं लागलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरी नानांना अन्न गोड लागेना. मावशी घरी परतल्या त्या दिवशी नानांनी दुकानाच्या दारात टांगलेली नव्या पाकिटांची अख्खी माळ उतरवली आणि एकही पाकीट फुटलेलं नसताना कचऱ्यात टाकली.

विक्रेता आला तो हे बघून चाटच पडला. “नाना, चांगला माल फेकलात?”

“माझ्यासाठी काढलाय म्हणालास ना? मग कुणी खायचा नाही ते पुढे लिहा, त्या हृदयाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. तोवर माझ्या दारात हे टांगायचं नाही.”