खिडकी बंद झाली तो हिवाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या गावाचं स्टेशन अगदी छोटं. दोन फलाट, लाल विटांची एक इमारत, आत वेटिंग रूम आणि तिकिटाची एकच खिडकी. आठ वर्षं मी तिथून रोज गाडी पकडत होतो, पण त्या खिडकीकडे कधी नीट बघितलं नव्हतं. तिकीट फोनमध्येच असायचं.

बघितलं ते बाबांनी. विदर्भातल्या लहानमोठ्या स्टेशनांवर बुकिंग क्लार्क म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. आई गेल्यावर ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. दिवसभर घर रिकामं. तिसऱ्याच दिवशी ते चालत स्टेशनावर गेले आणि मग रोजच जायला लागले.

खिडकीत एक पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई बसायची. बाबांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण दोघांचं काम एकच, त्यामुळे जमलं. माझ्याच गावाची माहिती मला रात्रीच्या जेवणाला बाबांकडून कळायची.

"अरे, मागे ते कुलूपबंद दार आहे ना, तिथे पार्सल ऑफिस होतं. दुधाचे कॅन, पीचच्या पेट्या, सगळं इथून शहरात जायचं. तिच्या वडिलांनी तिथे माल चढवलाय. आता दुपारी तासाला एक गाडी. तेवढ्यात आमचा चहा होतो."

मी मान हलवायचो आणि फोन बघायचो.

डिसेंबरात रेल्वेकडून ईमेल आला. तुम्ही खिडकीवर तिकीट घेता का? खिडकी नसेल तर गैरसोय होईल का? गाडीत उभ्या उभ्या मी दोन्हींपुढच्या 'नाही'वर टिचकी मारली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

जानेवारीत खिडकी बंद झाली. बाईची बदली झाली. लक्ष ठेवायला माणूस नाही म्हणून वेटिंग रूमलाही कुलूप लागलं. फलाटावर एक मशीन आलं. वाटलं, आता बाबा जायचे थांबतील. ते थांबले नाहीत. बाहेर भिंतीच्या आडोशाला उभे राहायला लागले.

एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसरा फोन अनोळखी नंबरवरून होता. पोलीस. एक अनोळखी माणूस तासन्‌तास स्टेशनावर उभा असतो, कुठल्याच गाडीत चढत नाही, अशी कोणीतरी तक्रार केली होती.

मी पोचलो तेव्हा बाबा कानटोपी घालून बाकावर बसले होते आणि शेजारी पोलीस उभा होता. तो नीट बोलला, सॉरीसुद्धा म्हणाला. मी त्याच्याशी दोन मिनिटं बोललो आणि बाबांना माझ्या कारमध्ये बसवलं.

"तिकीट मागितलं त्याने," बाबा म्हणाले. "माझ्याकडे नव्हतं."

"तिकीट नाही बाबा, त्याला ओळखपत्र हवं होतं."

"मग सांगायचंस ना त्याला, मी रेल्वेचा माणूस आहे म्हणून."

मी ते सांगितलं नव्हतं. माझे वडील म्हातारे आहेत, त्यांना फारसं समजत नाही, असं मी म्हणालो होतो. तेवढं इंग्रजी बाबांना येत होतं.

घर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "खिडकी का बंद केली रे त्यांनी?"

"कोणी वापरत नव्हतं," मी म्हणालो. बाकीचं तोंडातून निघालं नाही. अजून निघालेलं नाही.

थंडी सोसत नाही म्हणून ते दोन महिने आधीच परत गेले. वेटिंग रूममध्ये आता कॉफीचं दुकान आहे. शनिवारी तिथे रांग लागते. एकदा त्या रांगेत मीही उभा होतो.

दर रविवारी मी बाबांना फोन करतो. त्यांचं बीपी, नातीची शाळा, तिकडचं ऊन, एवढ्यावर बोलणं होतं. मागच्या महिन्यात म्हणालो, "बाबा, या ना पुन्हा."

"बघू," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिथे माझं काय काम?"