पुलावरचं निर्माल्य
शिळ्या झेंडूचा वास आला की मला भोगावतीचा पूल आठवतो. धाराशिवच्या आमच्या शाळेतली पोरं घेऊन मी नदी दाखवायला गेलो होतो. "पाण्यात कुणी काही टाकताना दिसलं, तर हात जोडून अडवा," असं मी सांगतोय तोवर एक आजी निर्माल्याची पिशवी घेऊन कठड्यापाशी आल्या. पोरांनी हात जोडून त्यांना गराडाच घातला. "कुणी शिकवलं रं तुमाला हे?" त्या कडाडल्या. सगळी बोटं माझ्याकडं वळली आणि मी हळूच पोरांच्या मागं सरकलो, कारण त्या माझ्या सासूबाई होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला. "मंग जावईबापू, हे आता तुमीच न्या," म्हणत पिशवी माझ्या हातात ठेवली. आता त्यांच्या अख्ख्या गल्लीचं निर्माल्य माझ्या परसातल्या खड्ड्यात येतं, आणि खत नीट होतंय का ते बघायला सासूबाईही येतात.