कोपरचा कौल

बळवंतराव गेल्याचे मला छापखान्यात कळले. आमच्या वर्तमानपत्राच्या अंकाची शेवटची पाने यंत्रावर चढायची होती. कचेरीतला एक शिपाई आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आपले जुने अव्वल कारकून गेले. पहाटेच." मी जागा करून चार ओळी घातल्या : नाव, हुद्दा, राहणार टेंभी नाका, मागे एक मुलगा व सून. बातमीत याहून अधिक मावत नाही. त्याला आता काही आठवडे झाले. त्या चार ओळींत जे नव्हते ते असे, की या गृहस्थाने आयुष्याची शेवटची वर्षे एकाच गोष्टीची वाट पाहण्यात घालवली आणि ती गोष्ट घडली नाही.

ते जाण्यापूर्वी थोडेच दिवस मी त्यांच्या घरी गेलो होतो. ताप हटत नव्हता. वैद्यांच्या मात्रेविषयी मी विचारले ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. "नाना, कचेरीत माझ्या हातचा एक कागद कधी परत आला नाही," ते म्हणाले. "आणि पोटच्या पोराचा हात मात्र मी घालवला, तो घालवलाच."

"तुम्ही त्याचं भलंच पाहिलंत," मी म्हणालो.

"भलं पाहिलं म्हणूनच तर गेला... वाईट पाहायला वेळ कुणाला होता?"

हात म्हणजे माधवचा फटका. माधव हा त्यांचा एकुलता मुलगा. लहानपणी टेंभी नाक्यावरच्या मोकळ्या जागेत तो विटीदांडू खेळत असे. विटी उडवल्यावर ती खाली येऊ लागेपर्यंत तो थांबे. पाहणाऱ्याला वाटे, आता ही गेली. आणि मग त्याची मनगटे फिरत. पुढे शाळेत चेंडूफळी आली. क्रिकेटला आम्ही तेव्हा चेंडूफळीच म्हणत होतो. माधवने दांडू ठेवून फळी घेतली, बाकी काही बदलले नाही. पाय जागचे हलत नसत, कोपरे अंगाला चिकटलेली असत, आणि चेंडू दांड्यांपाशी येईपर्यंत तो असा उभा राही की आपलाच जीव टांगणीला लागावा. मग आवाज येई. चेंडू कुठे गेला हे पाहायला सगळ्यांना माना वर कराव्या लागत.

कल्याणच्या रेल्वेतल्या गोऱ्यांविरुद्ध ठाण्याच्या विद्यार्थ्यांचा सामना झाला त्या वेळी माधव सोळा वर्षांचा असेल. त्याने त्या दिवशी चेंडू दोनदा चिंचेच्या झाडावरून पलीकडे घातला. मुंबईच्या हिंदू संघासाठी मुले पाहणारे एक गृहस्थ आले होते. ते बळवंतरावांना म्हणाले, "याला कुणाच्या तरी हाताखाली द्या, आणि मग आमच्याकडे पाठवा." त्या एका वाक्याने त्या घराची झोप उडाली. मुंबईच्या संघात खेळायचे हे माधवचे स्वप्न होते, आणि त्या दिवसापासून ते त्याच्यापेक्षा त्याच्या वडिलांचे अधिक झाले.

शिकवायला तयार असलेले दोघे होते. एक रुस्तमजी. तरुणपणी मुंबईत खेळलेले, पुढे मिठाच्या व्यापारासाठी ठाण्यात येऊन राहिलेले पारशी गृहस्थ. त्यांनी माधवला एक संध्याकाळ खेळताना पाहिले आणि निकाल दिला : "बलवंतराव, पोरगा तुमचा उभा राहते बगला जेवा, बगळ्यासारखा. पण खांदा कुठे आहे? खांद्यातून मारायला पायजे. मी शिकवते, मग बघा, बॉल खाडीपार!" दुसरे हार्परसाहेब, कल्याणच्या इंजिन शेडमधले फोरमन. त्यांनी माधवला फळी धरायला लावली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि हिंदुस्थानीत म्हणाले, "लडका अच्छा है. मगर कोहनी नीचे. हम सीधा करेगा." डावे कोपर वर हवे, पुढचा पाय चेंडूकडे जायला हवा, चेंडू जमिनीवरूनच गेला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

कल्याणहून परत येताना मी बळवंतरावांना म्हणालो, की या दोघांची मते एकमेकांना छेद देतात. बळवंतरावांनी ते एखाद्या दाव्यासारखे ऐकले. "कुठे चुकतो यावर मतभेद आहे. चुकतो यावर दोघांचं एकमत आहे," ते म्हणाले. "परस्परांशी न पटणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती सिद्ध झाली असं आम्ही धरतो." कचेरीत हा नियम कधी खोटा ठरला नव्हता. मलाही तो त्या दिवशी बरोबर वाटला.

दोघांतून निवड मात्र होईना. माधवला विचारले तर तो म्हणे, "अण्णा, तुम्ही म्हणाल ते." शेवटी बळवंतरावांनी ठरवले की कौल लावायचा. कोपर गावी खाडीच्या अंगाला एका देवीचे लहानसे देऊळ आहे. कामानिमित्त त्यांचे तिकडे जाणे असे, आणि त्या देवीचा कौल चुकत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. आम्ही तिघे ठाण्याहून होडीने गेलो. गुरवाने फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. बळवंतरावांनी हात जोडून गाऱ्हाणे घातले : उजवी पडली तर कल्याण, डावी पडली तर ठाणे. बराच वेळ काहीच झाले नाही. माधव खांबाला टेकून खाडीकडे पाहत होता. मग उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली.

"कल्याण!" बळवंतराव केवढ्याने तरी म्हणाले. "ऐकलंत ना, नाना? देवीच्या तोंडूनच कल्याण!"

हार्परसाहेब प्रामाणिक माणूस होता, हे लिहिले पाहिजे. त्याने माधवकडून काही घेतले नाही, आणि एकही रविवार चुकवला नाही. शेडमागच्या मैदानात त्याने चुन्याची रेघ मारली. मागचा पाय सरकू नये म्हणून तो सुतळीने खुंटीला बांधला. चेंडू वर उडाला की तो खेळ थांबवी, माधवचे कोपर स्वतःच्या हाताने उचलून जागेवर ठेवी आणि पुन्हा सुरुवात करी. माधव आज्ञाधारक होता. ठाण्यातली त्याच्या बरोबरीची पोरे त्याला पाहिले की ओरडत, "अरे माधू, कोपरच्या देवीने काय सांगितलंन्? कोपर वर!" तोही हसे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याची फळी इतकी सरळ येऊ लागली की जाणकार लोक पाहायला थांबत. धावा होत नव्हत्या. पण पाया घातला जातो आहे, भिंत मागाहून उभी राहील, असे सगळेच म्हणत, आणि त्यात बळवंतराव पहिले.

दुसऱ्या वर्षी मुंबईहून निवडीच्या सामन्याचे बोलावणे आले. बळवंतरावांबरोबर मीही बातमीदार म्हणून गेलो होतो. माधव फार वेळ टिकला. त्याला बाद करणे कोणाला जमत नव्हते आणि त्याला धाव काढणे जमत नव्हते. एक आखूड चेंडू हळू, उंच उडी घेऊन आला. दोन वर्षांपूर्वीच्या माधवने तो कुठे घातला असता हे आम्हा दोघांना ठाऊक होते. बळवंतराव बाकावरून अर्धे उठले. माधवने पाय पुढे टाकला, कोपर वर घेतले आणि चेंडू पायाशी मारून ठेवला. संध्याकाळी निवड करणारे तेच गृहस्थ आमच्यापाशी आले. "सुंदर खेळतो," ते म्हणाले. "पण तो मारणारा मुलगा... तो कुठे आहे?" त्यांना खरोखरच वाटले होते की बळवंतरावांना दोन मुलगे आहेत.

रुस्तमजींनी हे ऐकले तेव्हा ते रागावले नाहीत, ते वाईट. "बलवंतराव," ते म्हणाले, "सोन्याची बांगडी होती. तुमी लोकांनी ओढून सरळ तार केली. सोनं तेवढंच आहे. पण हातात कोण घालणार?"

त्यानंतर माधवने एकदाच वडिलांपाशी तोंड उघडले. "अण्णा, साहेबांकडे जाणं बंद करतो." बळवंतराव म्हणाले, "कौल आहे, माधू. मोडता येत नाही." तरी ते स्वतःच अस्वस्थ होते. देवीकडून मोकळीक मागायला ते पुन्हा कोपरला गेले, आणि मलाही बरोबर नेले. तिथे त्यांनी देवीऐवजी गुरवालाच विचारले, जवळजवळ भांडल्यासारखे, की देवीने असा कौल दिलाच कसा. गुरव समईची वात सारत होता. तो म्हणाला, "तुमी दोगांतला कोन, येवराच इचारलाव. देवीनी तेवऱ्याचाच जबाब दिला." बळवंतरावांनी विचारले, मग काय विचारायला हवे होते? गुरवाने आमच्याकडे पाहिले. "मना काय म्हाईत? पोराला शिकवाचा का नाय, ता कोनी इचारलाच नाय."

 परतीच्या होडीतून ठाण्याचा धक्का दिसू लागला तेव्हा बळवंतराव म्हणाले, "डोक्यातच आलं नाही हो..."

मग रुस्तमजींनी मनापासून प्रयत्न केला. त्यांनी खांदा, जोर सगळे सोडून दिले आणि माधवला फक्त म्हणाले, "पहिल्यासारखा मार, दीकरा." माधव थांबे. चेंडू जवळ येई. आणि शेवटच्या क्षणी पाय आपोआप पुढे जाई. मी त्याला एकदा विचारले, नेमके काय होते? तो विचार करून म्हणाला, "पूर्वी हात मारून मोकळे व्हायचे, नानाकाका. आता ते आधी विचारतात." संक्रांतीच्या सुमारास नाक्यावरच्या पोरांनी त्याला थट्टेने विटीदांडू खेळायला ओढले. त्याची उडवलेली विटी समोर खाली आली, आणि त्याने ती दांडूने जमिनीवर दाबून धरली. कोणी हसले नाही. तो दांडू ठेवून घरी गेला.

हार्परसाहेब विलायतेला परत जाण्यापूर्वी त्यांच्याच शिफारशीने माधव रेल्वेत लागला, आणि पुढे डोंबिवली स्टेशनात मालबाबू झाला. संसार झाला. तो सुखी नाही असे मी म्हणणार नाही. तो त्याविषयी बोलत नाही. बळवंतरावांना मात्र कोणी काही सांगितले की तेवढ्यापुरती आशा येई. कोणी म्हणे डाव्या हाताने खेळवा, कोणी म्हणे वर्षभर फळीला शिवू देऊ नका. त्यांनी सगळे करून पाहिले. पेन्शन झाल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच राहिला नाही.

तेरावे झाल्यावर मी माधवला भेटायला डोंबिवलीला गेलो. तो मालाच्या गुदामात होता, तेव्हा सुनेने मला रेल्वेच्या खोलीत बसवले आणि मागचे दार उघडले. मागे थोडी मोकळी जागा आहे, कुंपणापर्यंत. ती म्हणाली, "मामंजी दर रविवारी यायचे. इथे उभे राहून ह्यांना चेंडू टाकायचे. अगदी हळू, हात खालून आणून. एकच सांगायचे, 'माधू, आज मला धावायला लाव.'"

"मग?"

"हे परत द्यायचे. सरळ त्यांच्या हातात. मामंजींना कधी वाकावंसुद्धा लागलं नाही."

मी दारात उभा राहून पाहिले. बापलेकांच्या उभे राहण्याच्या दोन जागा टणक होऊन चकाकत होत्या. त्या दोहोंच्या मध्ये चेंडूच्या येण्याजाण्याने एक वाट पडली होती, वीतभर रुंद, दोरी लावून आखावी तशी. दोन्ही अंगांना गवत गुडघाभर वाढलेले होते. ते कुठेच तुडवलेले नव्हते.