ट्रॉलीमागचा लाल दिवा

काहीही सांगितलं, की तो आधी हातातला स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचायचा आणि मग विचारायचा, "कावून?"

कावून म्हणजे का. टेबलं पुसून घे म्हटलं तरी कावून, प्राचार्यांनी बोलावलंय म्हटलं तरी कावून. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना उद्धट म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तेच करत होतो. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. तो आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटी परिचर होता. चाळिशीचा, बारावीपर्यंत शिकलेला. घर युसूफ वडगावजवळच्या वस्तीवर. थोरला भाऊ आणि वहिनी दर हंगामाला ऊसतोडीला जायचे.

तपासणी समिती येणार म्हणून एका वर्षी कॉलेजने मायक्रोकंट्रोलरची डझनभर किट घेतली. प्रत्येकात पत्त्याच्या कॅटएवढा मुख्य बोर्ड आणि त्याला जोडायचे छोटे छोटे बोर्ड: एक उजेड ओळखणारा, एक हादरा ओळखणारा, एक अंतर मोजणारा. समितीने ती पाहिली, मान डोलावली आणि जेवून गेली. दुसऱ्या दिवशी किट कपाटात बंद झाली.

"पोरांना कवा द्यायची सर?" त्यानं विचारलं.

"पुढच्या समितीपर्यंत नीट राहायला पाहिजेत, असं प्राचार्य म्हणतात."

"कावून? कपाटात अंडी घालणार हायेत का?"

मला हसू आलं आणि मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

त्यानंतर पाच वाजले, की तो घरी जाण्याऐवजी एक किट काढून बसायला लागला. मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायचा आणि वहीत लिहून घ्यायचा: इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे न्हाईतर. पहिल्यांदा एक बारका दिवा त्याच्या हुकमानं लुकलुकला, तेव्हा तो ओरडला, "सर, डोळा मारतंय की हे!"

अंतर मोजणारा बोर्ड घेऊन तो कॉलेजभर फिरला. भिंत मोजली, कुत्रं मोजलं, शेवटी हेडक्लार्कच्या पोटासमोर धरला. "साहेब, श्वास आत घेऊ नका, आकडा बदलतोय." हेडक्लार्क ते कधी विसरले नाहीत.

मला वाटलं, विरंगुळा आहे. मग एकदा वायर सोलता सोलता तो म्हणाला, "माझे दाजी गेले ना सर, ते ट्रॉलीला धडकून."

परळीहून मोटरसायकलवर येत होते. उसाची ट्रॉली चाकाचा आस मोडून रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, साधं लाल फडकंही नाही.

"डोंगराएवढी ट्रॉली सर. अन् दिसली न्हाई." एवढंच बोलून त्यानं पुन्हा वायर सोलायला घेतली.

त्याला काय हवं होतं, ते तेव्हा मला कळलं. अंधार पडला आणि ट्रॉली उभी राहिली, की मागचे लाल दिवे आपोआप लुकलुकायला हवेत. ड्रायव्हर दमलेला असो, झोपलेला असो, त्याच्या आठवणीवर काही राहायला नको.

पहिला बोर्ड त्यानं थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला. तो धूर सोडून मेला. दुसऱ्या दिवशी त्यानं न विचारता स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला: 'माझ्या चुकीने एक बोर्ड जळाला आहे.' मी म्हटलं, "अरे, कोण विचारतंय?" तो म्हणाला, "मी जाळला तर मीच सांगायचं ना?"

पुढचा टिकला. खड्ड्यांनी वायरी निसटायच्या, म्हणून त्यानं त्या डाख देऊन पक्क्या केल्या. धुळीसाठी सगळं जुन्या डब्यात बसवलं. भावाच्या टोळीच्या ट्रॉलीला तो डबा लागला. दिवस मावळताना मी बघायला गेलो होतो. ट्रॅक्टर थांबला, आम्ही श्वास रोखला, आणि दिवे लुकलुकले. त्याच्या वहिनीनं दोन्ही हात तोंडावर धरले. तो मात्र डबा हलतोय का ते बघत होता.

सगळा हंगाम तो दिवा चालला. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला ही बातमी प्राचार्यांपर्यंत गेली आणि त्यांनी मला बोलावलं.

"विभागाचं संशोधन आहे ते. रस्त्यावर धूळ खात काय फिरतंय? समिती येतेय. काचेच्या पेटीत ठेवा."

मी काय म्हणालो, विचारता? "हो सर," म्हणालो.

डबा काढायला मी त्याच्याबरोबर गेलो. ट्रॉली भरून उभी होती. ड्रायव्हरनं विचारलं, "काय बे, कावून काढतो?"

"कालेजात शोभेला पायजे," तो म्हणाला. स्क्रू त्यानंच काढले. डबा शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. "नीट न्या सर. वायरी निघतेल." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ट्रॉली तशीच, मागे काही न लावता, रस्त्याला लागली.

तिसऱ्या दिवशी तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरला. आवाज व्हरांड्यापर्यंत आला. "समितीला दिसावं म्हणून दिवा काढला तुमी! ज्याला दिसायला पायजे तो रस्त्यावर हाय!"

महिन्याभरात त्याचं कंत्राट संपवलं. कारण: कॉलेजच्या साहित्याचं नुकसान. पुरावा: त्याचाच अर्ज, त्याच्याच अक्षरातला. हेडक्लार्कनं तो जपून ठेवला होता. खाली विभागाची सही हवी होती. ती मी केली. माझी नोकरी, माझी मुलं, सगळी कारणं माझ्याकडे होती. आज त्यातलं एकही तोंडातून काढायची मला लाज वाटते.

समिती आली. काचेच्या पेटीत डबा आणि पुढ्यात प्राचार्यांच्या नावाची पाटी. एक बाई सदस्य थांबल्या. "हे लावून कुठे पाहिलंत?" त्यांनी विचारलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उसाच्या ट्रॉलीवर," मी म्हणालो. "अख्खा हंगाम चाललं. आम्ही ते उतरवून इथे ठेवलं, आणि ज्यानं बनवलं त्याला काढून टाकलं. त्या कागदावर सही माझी आहे."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. प्राचार्य हसून म्हणाले, चहा थंड होतोय. मला नोटीस मिळाली. पेटी जागची हलली नाही, फक्त पाटी गेली.

समिती आली त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला होता. तो आता परळीकडे कुठेतरी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर होता. मी सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर शाबासकीच्या आशेनं सांगितलं.

तो म्हणाला, "तवा तोंड कुठं गेलतं सर तुमचं?"

तेवढ्यात तिकडे मागून कुणीतरी त्याला हाक मारली, "मास्तर, ओ मास्तर, जरा इकडं बघा की."

"आलो, आलो," तो म्हणाला. त्याला इतक्या मायेनं बोलताना आमच्या कॉलेजात मी कधी ऐकलं नव्हतं. मग फोन बंद झाला.